ओकफळांची कॉफी

चहा हा आल्यागेल्याचा. कॉफी ही वडीलधाऱ्यांची, दुखणाइतांची आणि एकादशीची. अशी वांटणी आमच्या लहानपणीं बहुतेक घरांतून असे आणि पुष्कळ ठिकाणीं ती अद्यापि टिकून आहे. दुपारीं चार वाजले, म्हणजे दुधाच्या कॉफीवर किसून घातलेल्या जायफळाचा जो वास माजघरांतून ओटीपर्यंत येतो, त्याचें वर्णन करीत बसण्याचें कारण नाहीं. ज्या घरीं हें मासिक जातें त्या घरीं तो ठाऊक असणारच. सांगावयाचें तें इतकेंच, कीं ज्या मनुष्यानें साठ वर्षें ही चार वाजतांची कॉफी घेतली, त्याला एके दिवशीं डॉक्टरांनीं "आजपासून बंद" असें सांगितलें, म्हणजे त्याचें नेमकें काय जातें हें घरांतील तरुण मंडळींच्या ध्यानांत चटकन् येत नाहीं. पेलाभर पेय गेलें, एवढेंच त्यांना दिसतें.

आमचे थोरले बंधु अण्णा यांच्यावर हा प्रसंग परमुलुखांत आला. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत बिऱ्हाड करून आहेत. गेल्या वर्षीं भाद्रपदांत अण्णा आणि आम्ही उभयतां तीन महिन्यांकरितां त्यांच्याकडे गेलों होतों. वहिनी गेल्यापासून अण्णांचें बोलणें कमी झालें आहे. दिवसाकांठीं चार शब्द बोलावयाचे ते ते कॉफीच्या वेळीं बोलत. तेथें गेल्यावर त्यांच्या छातींत धडधड होऊं लागली, रात्र रात्र झोंप लागेना. तपासणी झाली, औषध मिळालें आणि त्याबरोबर कॉफी-चहा वर्ज्य झाला. कॉफीनें प्रत्येकाच्याच काळजाला अपाय होतो असें नाहीं. पुष्कळांना ती जन्मभर सोसते. अण्णांना मात्र ती सोसेनाशी झाली होती.

अण्णांनीं कुरकुर केली नाहीं. केली असती तर बरें झालें असतें! चार वाजले, पेले बाहेर आले, कीं ते हातांतलें पुस्तक घेऊन माडीवर जात. पहिले दोन दिवस आम्हांला वाटलें, विसांव्यासाठीं जात असतील. तिसऱ्या दिवशीं सूनबाई म्हणाली, "काका, आपणही सगळ्यांनीं बंद करूं या कां?" पण अण्णांना तें कळलें असतें तर त्यांना अधिकच लागलें असतें.

बाजारांत कॅफीन काढून टाकलेली कॉफी मिळते, ती आणली. ही विद्या मूळची त्याच देशांतली. कॉफींतून कॅफीन प्रथम वेगळें केलें तें रुंगे नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें, १८१९ च्या सुमारास; आणि त्या कामीं कॉफीचे दाणे त्याच्या हातीं देऊन त्याला उद्युक्त करणारा गृहस्थ म्हणजे आमच्या शाकुंतलाची स्तुति करणारा महाकवि गटे! पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रेमेन शहरच्या रोझेलियुस नामक व्यापाऱ्यानें हें द्रव्य काढून टाकलेली कॉफी बाजारांत आणली. त्या वेळीं बेंझीन वापरीत. आतां निर्धोक रीति निघाल्या आहेत. तरीही अशा कॉफींत कॅफीनचा अगदीं अल्प अंश राहतोच. तो डॉक्टरांना चालण्याजोगा होता, अण्णांना नव्हता. "जीव काढून घेतलेली कॉफी मला नको," असें म्हणून त्यांनीं पेला खालीं ठेवला. औषधाच्या पथ्याइतकेंच हें त्यांच्या मनाचें पथ्य होतें, म्हणून आम्हीं आग्रह केला नाहीं.

शेजारीं एक जर्मन आजीबाई राहतात. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर. पण अंगण स्वतः झाडतात. त्यांच्या अंगणाबाहेर ओकाचा प्रचंड वृक्ष आहे आणि आश्विनांत त्याखालीं फळांचा नुसता सडा पडतो. अण्णांची हकीकत सूनबाईनें त्यांना सांगितली, तेव्हां त्यांनीं झाडूनें त्या फळांचा ढीग आमच्याकडे लोटला आणि म्हणाल्या, "महायुद्धानंतर माझी आई ह्यांची कॉफी करी. तिच्यांत कसलेंच कॅफीन नव्हतें. कॉफीही नव्हती." इतकें बोलून त्या हंसल्या, पण त्या हंसण्यांत कौतुक नव्हतें, हें आम्हांला नंतर उमगलें.

येथें या वृक्षाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ओकाचें झाड आमच्या सह्याद्रींत होत नाहीं, त्यामुळें त्याच्या फळाला मराठींत घरगुती असा शब्द नाहीं. आम्ही त्याला ओकफळच म्हणूं. (आमच्यांतील ओक आडनांवाच्या मंडळींशीं या वृक्षाचा काडीइतकाही संबंध नाहीं, हें त्यांच्या समाधानासाठीं नमूद करून ठेवतों.) हिमालयांत नैनिताल-मसुरीकडे ज्याला बांज म्हणतात, तो याच कुळांतला. आणि या कुळाची एक ओळख तर आपल्या प्रत्येक घरीं आहे. बाळगुटींतलें मायफळ हें नांवानें फळ असलें तरी वस्तुतः फळ नव्हे. आशियामायनरकडे होणाऱ्या एका ठेंगण्या ओकाच्या फांदीवर चिमुकली गांधीलमाशी अंडीं घालते, त्यामुळें जी गांठ फुगते तीच मायफळ होय. सहाणेवर दोन वेढे उगाळून बाळाच्या जिभेला लावलें कीं तें जसें तोंड वांकडें करतें, तसें तें कां करतें? त्यांतील तुरट द्रव्यामुळें. तें द्रव्य म्हणजे टॅनीन. हिरड्यांत तेंच, कच्च्या केळ्यांत तेंच आणि ओकफळांतही तेंच. ओकफळाची कॉफी करणें म्हणजे निम्मेंअधिक हें टॅनीन काढणें होय. भाजणें-दळणें हा भाग त्यामानानें सोपा.

हें पेय कोणा हौशी माणसानें शोधलेलें नाहीं. तें टंचाईचें अपत्य आहे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला प्रजेचा पैसा कॉफीपायीं परदेशीं जातो याचा भारी राग. १७७७ सालीं त्यानें जाहीरनामा काढला, कीं लोकांनीं कॉफी सोडून आपल्या वाडवडिलांप्रमाणें बीअर प्यावी! पुढें १७८१ मध्यें कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारनें आपल्याकडे घेतला आणि चोरून कॉफी भाजणाऱ्यांना पकडण्यासाठीं लढाईंतून निवृत्त झालेले शिपाई नेमले. हे शिपाई गल्लोगल्लीं वास हुंगीत हिंडत. लोक त्यांना 'कॉफी-हुंगे' म्हणत. गरिबांनीं मग चिकोरीच्या मुळ्या, जव, राई आणि ओकफळें भाजून आपली तलफ भागविली. १८०६ सालीं नेपोलियननें इंग्रजी मालाला युरोपांत बंदी केली, तेव्हां हाच प्रकार सुखवस्तु घरांतही शिरला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवींत दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, तेव्हां तेथील गृहिणींनीं ओकफळें, रताळीं, भेंडीच्या बिया, जें हातीं लागेल तें भाजलें. दोन्ही महायुद्धांत जर्मनीवर तीच पाळी आली. लहान मुलांच्या हगवणीवर ओकफळांची कॉफी वा कोको देण्याचा त्या देशांत जुना प्रघात होता, हें मात्र आमच्या मायफळाची आठवण करून देणारें आहे. उलट कॅलिफोर्नियांतील मूळ रहिवाशांना आणि कोरियांतील लोकांना हें फळ कधींच हलकें वाटलें नाहीं; पहिल्यांची ती रोजची भाकरी होती आणि दुसरे अजून त्याच्या पिठाच्या वड्या आवडीनें खातात.

असो. आमचा पहिला प्रयोग पार फसला. उत्साहाच्या भरांत आम्हीं फळें फोडलीं, गर तसाच भाजला, कुटला आणि घरांतल्या बिडाच्या भांड्यांत उकळला. पाणी काळेंभोर झालें! काळें म्हणजे कॉफीसारखें नव्हे, दौतींतल्यासारखें. एक घोट घेतला तों जीभ टाळूला चिकटली. मग आठवण झाली, कीं हिरडा आणि हिराकस यांची शाई आमचे आजोबा घरीं करीत. टॅनीन व लोखंड एकत्र आलें कीं शाई व्हावयाचीच. युरोपांतही शतकानुशतकें ओकाच्या गांठींचीच शाई होत असे. तेव्हां पहिला नियम हा, कीं या कामांत लोखंडाचें वा बिडाचें भांडें वापरूं नये; स्टीलचें वा कांचेचें घ्यावें. अण्णा त्या दिवशीं माडीवरून खालीं आले, भांड्यांत डोकावले आणि म्हणाले, "पत्रें लिहावयास झाली सोय!" पुष्कळ दिवसांनीं त्यांनीं थट्टा केली होती. आम्हांला दुसऱ्या प्रयोगाला तेवढें पुरे झालें.

फळें वेंचतांना प्रथम झाड पाहावें. ज्या ओकाच्या पानांच्या कडा गोलसर लाटांसारख्या असतात, तो युरोपचा देशी ओक; त्याचें फळ त्यांतल्या त्यांत कमी तुरट. ज्याच्या पानांना टोंकदार कोन असतात तो अमेरिकेंतून आणून लावलेला तांबडा ओक. त्याचें फळ फार कडू असतें व त्याला धुण्याची मेहनत दुप्पट लागते. आरंभीं गळणारीं फळें बहुधा किडकीं असतात, म्हणून थोडें थांबावें. हिरवीं घेऊं नयेत. तपकिरी, जड, चकचकीत, टोपी सहज निघणारीं तेवढींच घ्यावीं. कवचाला टांचणीच्या डोक्याएवढें भोंक दिसलें, कीं आंतून अळी जेवून निघून गेली असें समजावें. घरीं आणल्यावर सारीं फळें पाण्यांत टाकावीं. तरंगतील तीं फेकावीं. आम्हीं तीन रविवार मिळून पांच किलोंवर फळें आणलीं, त्यांतलीं चौथाईभर या पाण्याच्या परीक्षेंत नापास झालीं.

या ठिकाणीं एक इशारा आवश्यक आहे. त्याच बागांतून घोड-चेस्टनट नांवाचें झाड असतें, त्याचींही चकचकीत तपकिरी फळें त्याच दिवसांत खालीं पडतात. तीं विषारी आहेत. ओळखावयाची खूण सोपी आहे: ओकफळ लांबट असून त्याच्या बुडाशीं वाटीसारखी टोपी असते; घोड-चेस्टनट वाटोळें असून कांटेरी हिरव्या कवचांतून निघतें. मुलें फळें वेंचावयास बरोबर असलीं, तर प्रत्येकाची परडी मोठ्या माणसानें स्वतः निवडावी. आमच्या पुतण्याच्या धाकट्या कन्येच्या परडींत दोन निघालीं होतीं.

जर्मनींत सार्वजनिक जागेंतलीं रानफळें स्वतःपुरतीं थोडीं घेण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. राखीव अरण्यांत मात्र मनाई आहे. शिवाय तेथें निळ्या पंखांचा एक पक्षी आहे, त्याच्या जर्मन नांवांतच ओकफळ गोंवलेलें आहे. तो हिंवाळ्यासाठीं हीं फळें जमिनींत पुरतो आणि पुष्कळशीं विसरतो. त्या विसरण्यांतून नवे ओक उगवतात. त्याचा वांटा ठेवूनच आपण घ्यावें.

फळें तीन-चार दिवस पसरून वाळविलीं, कीं आंतला गर आकसतो आणि कवच सुटतें. अडकित्त्यानें कवच फोडावें. आमच्या सौभाग्यवतीनें पुण्याहून नेलेला अडकित्ता तेथें सुपारीला एकदांही लागला नाहीं, पण या कामीं त्याचें सार्थक झालें. गरावर शेंगदाण्यासारखें तांबूस साल असतें, तें चोळून काढावें. कडूपणा त्यांत पुष्कळ असतो. मग गराचे डाळीएवढे तुकडे करून भरपूर पाण्यांत उकळावे. पंधरा मिनिटांत पाणी गडद तपकिरी होतें; तें ओतून दुसरें, उकळतेंच, पाणी घालावें. असें पांच, सात, कधीं दहा वेळां. किती वेळां, याला घड्याळ उपयोगी नाहीं, जीभ उपयोगी. तुकडा चावून पाहावा. तुरटपणा जाऊन उकडलेल्या रताळ्यासारखी चव लागली म्हणजे झालें. ज्यांना इंधन जाळावयाचें नाहीं, त्यांनीं तुकडे थंड पाण्यांत घालून आठवडाभर रोज दोनदां पाणी बदलावें. हें पाणी फडक्यावर सांडूं नये, डाग निघत नाहीं. सूनबाईचे दोन पांढरे पंचे आमच्या प्रयोगाला बळी पडले, त्याबद्दल तिनें अद्याप एक शब्दही काढलेला नाहीं.

तुकडे निथळून ओव्हनमध्यें मंद, शंभर अंशांच्या आसपास, उष्णतेवर पुरते वाळवावे. येथें घाई केली तर आंत ओल राहते आणि पुढें बुरशी धरते. खडखडीत वाळल्यावर एकशेंऐंशीं ते दोनशें अंशांवर, मधून मधून हलवीत, अर्धापाऊण तास भाजावे. रंग प्रथम बदामी, मग बेलफळाच्या करवंटीसारखा, मग गडद कॉफीचा होतो. शेवटचीं पांच मिनिटें तेथून हलूं नये. घरीं कढईंत भाजावयाचें तर आंच अगदीं मंद ठेवावी. गर कोरडा झालेला असल्यामुळें येथें लोखंडाची भीति नाहीं. या वेळीं घरभर जो वास सुटतो, तो कॉफीचा नव्हे. भाजलेल्या हरभऱ्याचा, थोडा कोकोचा आणि कोठें तरी गुळाच्या पाकाचा. भाजलेले तुकडे घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावे आणि आठवड्यापुरतेच दळावे. पांच किलो फळांची कॉफी उतरली सव्वा किलो!

करावयाची रीत अशी. सवा पेला पाण्याला दोन लहान चमचे पूड घालून आठ-दहा मिनिटें उकळावें, क्षणभर निवूं द्यावें आणि बारीक गाळणीनें गाळावें. हें पेय अंगचेंच किंचित् दाट असतें; जास्त उकळलें तर पेजेकडे झुकतें. अर्धें दूध, बेताची साखर, वरून जायफळ. चवीनें हें हुबेहूब कॉफी आहे असें म्हणणारा मनुष्य एक तर कॉफी प्यालेला नसावा किंवा यजमानाला भीत असावा. पण गरम, खरपूस, तोंडांत रेंगाळणारें असें तें पेय आहे आणि त्यांत कॅफीनचा लवलेश नाहीं.

पहिल्या दिवशीं अण्णांना तें कॉफी म्हणून द्यावें कीं काय आहे तें सांगून, यावर घरांत मतभेद झाला. पुतण्याचें म्हणणें, सांगूं नये. आम्हीं सांगितलें. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फसवून पाजण्यांत कसलें आलें प्रेम! अण्णांनीं दोन घोट घेतले, पेल्यांत पाहिलें आणि विचारलें, "त्या शाईचीच ही मुलगी ना?" मग पेला संपविला. माडीवर गेले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं आजीबाईंना बोलाविलें. त्यांनीं वास घेतला आणि पेला तसाच हातांत धरून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, आईच्या कॉफींत दूध नसे, साखर नसे, आणि धुण्याला जळण नसल्यामुळें कडूपणा तसाच राही. दोघां भावंडांनीं फळें वेंचून आणावयाचीं आणि पोत्याचा हिशेब द्यावयाचा. मोठें झाल्यावर पुन्हां हें तोंडाला लावावयाचें नाहीं असें त्यांनीं ठरविलें होतें. आम्ही ओशाळलों. आपण जिला हौस म्हणतों ती कोणाची उपासमार होती, हें आमच्या मनांत आलेंच नव्हतें. अण्णांनीं मात्र सूनबाईकरवीं त्यांना आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळांतल्या सुकडीची गोष्ट सांगितली; दुष्काळी कामावर मिळणारी ती पूड खाऊन पुढें ती दिसली तरी नको होणारीं माणसें त्यांच्या ओळखीचीं होतीं. आजीबाईंनीं ऐकून घेतलें, पेल्यांत आणखी एक चमचा साखर घातली आणि कॉफी घेतली. त्यानंतर आम्ही परत येईपर्यंत आठवड्यांतून दोन दिवस त्या चार वाजतां येत. अण्णांना जर्मन येत नाहीं, त्यांना मराठी येत नाहीं. दोघें तासभर बसत.

मार्गशीर्षांत परततांना आम्हीं दळलेली पूडच आणली. कच्चीं फळें किंवा बीं परवान्यावांचून देशांत आणतां येत नाहींत. येथें आल्यावर पहिला प्रश्न उपस्थित झाला तो एकादशीचा. आमच्या भगिनीचें म्हणणें, परदेशी झाडाचा विधिनिषेध कोणीं ठरवावा? अण्णांनीं निकाल दिला, "झाडाचें फळ आहे, शेतांतलें धान्य नव्हे. बदाम चालतो, तर हें चालेल." हरभऱ्याच्या कॉफीला ही सवलत अर्थातच नाहीं.

ज्यांना ओकफळें मिळणें शक्य नाहीं, म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांना, त्यांच्यासाठीं चिकोरीची नुसती पूड, खजुराच्या भाजलेल्या बिया आणि टाकळ्याचें भाजलेलें बीं हे पर्याय आहेत. त्यांतही कॅफीन नाहीं. पण टाकळा म्हणून कासविंदा कोणी आणूं नये. कासविंद्याच्या शेंगा चपट्या व किंचित् वर वळलेल्या, टाकळ्याच्या बारीक, लांब व दोऱ्यासारख्या असतात. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलें दगावल्याचें डॉक्टरांनीं दाखवून दिलें आहे. खात्री नसेल तर वेंचूंच नये. तसेंच, धुतल्यावरही ओकफळांत थोडें टॅनीन राहतें आणि तें अन्नांतलें लोह अंगीं लागूं देत नाहीं. घरांत कोणी लोहाच्या गोळ्या घेत असेल, तर त्या आणि ही कॉफी यांत दोन तासांचें अंतर ठेवावें.

आमचा डबा माघी पौर्णिमेपर्यंत पुरला. त्यानंतर अण्णा चिकोरीवर आहेत आणि ती त्यांना तितकीशी रुचत नाहीं. यंदाच्या आश्विनांत सूनबाईचें पत्र आलें: फळें पुष्कळ पडलीं आहेत, चार किलो वेंचून झालीं, आणि तीं फोडावयास आजीबाई रोज येऊन बसतात, अडकित्ता मात्र त्यांना वळत नाहीं, त्या हातोडीच वापरतात.